मावशींना दिसायचं

कोलकात्यात बालीगंजचं ते घर पाहायला गेलो तेव्हा घरमालकीण मावशींनी जिन्यातच आम्हाला घराचे नियम सांगून टाकले. पाणी सकाळीच भरून ठेवायचं. गच्चीवर कपडे वाळत घालायचे ते मागच्या बाजूला, रस्त्याकडे नाही. मासे शिजवायला हरकत नाही, पण खवले मोरीत टाकायचे नाहीत. "आणि ह्या वळणावर जरा डावीकडून जात जा," त्या म्हणाल्या. "इथं एक मुलगी बसलेली असते."

मी पाहिलं. वळणावर एक अरुंद खिडकी होती, तिच्यातून शेजारच्या घराच्या हिरव्या झडपा दिसत होत्या. पायरीवर कोणी नव्हतं. मला वाटलं, कामाला येणाऱ्या बाईची मुलगी बसत असेल. नवऱ्यानं विचारलं, "कोणाची मुलगी?"

मावशी चढता चढताच म्हणाल्या, "माहीत नाही हो. आम्ही हे घर घेतलं त्याच्या आधीपासून आहे." आणि स्वयंपाकघराचं दार उघडून आम्हाला ओटा दाखवू लागल्या.

खाली रस्त्यावर आल्यावर नवऱ्यानं कपाळाजवळ बोट फिरवून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "घर हवेशीर आहे." त्याची बँकेतून कोलकात्याला बदली झालेली, माझं ऑफिस न्यू टाउनला, आणि ह्या एवढ्या मोठ्या शहरात मराठी बोलणारी घरमालकीण मिळत होती. आम्ही वरचा मजला घेतला. उतरताना आम्ही दोघंही वळणावर डावीकडून आलो होतो, हे मात्र मला मुक्कामी पोचल्यावर आठवलं.

मावशी मूळच्या वाईच्या. लग्न होऊन इकडे आल्या. त्यांचे यजमान खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्सला होते. ते गेल्यावर सगळ्यांना वाटलं की ह्या आता परत जातील. पण त्या गेल्या नाहीत. मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होत्या, ते निवृत्त होईपर्यंत शिकवलं आणि नंतरही राहिल्या. गल्लीत त्यांना सगळे 'दिदिमणि' म्हणत. शिकवणाऱ्या बाईंना बंगाली माणसं म्हणतात तसं. अंगानं लहानशा, ताठ, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, बंगाली सुती साडी पण नेसणं आपलं. त्यांचं मराठी चांगलं होतं, पण मधेच 'भाजी आणली' ऐवजी बंगाली वळणानं 'बाजार करून आले' म्हणायच्या आणि आपण काही वेगळं बोललो हे त्यांच्या लक्षातही यायचं नाही.

आणि त्यांना दिसायचं.

हे शब्द त्यांचेच. भूत, आत्मा, पिशाच्च असले शब्द त्या वापरत नसत. "मला दिसतं," एवढंच. एकदा मी धीर करून विचारलं, "दिसतात म्हणजे कशी दिसतात हो?"

"तू दिसतेस तशी," त्या म्हणाल्या. थोडा विचार करून पुढे म्हणाल्या, "फक्त तोंडावर ऊन आलं तरी डोळे बारीक करत नाहीत. त्यावरून ओळखायचं."

त्यांच्या वागण्यात जे जे विचित्र होतं ते ह्या एका गोष्टीतून आलेलं होतं, आणि एकदा ते कळलं की त्यात विचित्र असं काही उरत नसे. स्वतःच्या रिकाम्या घरात शिरताना त्या दारावर टकटक करायच्या. बसमध्ये जागा मोकळी असली तरी कधी कधी उभ्या राहायच्या. गरियाहाटच्या फुटपाथवर, जिथं फेरीवाल्यांमधून वाट काढताना माणूस माणसाला रेटत असतो, तिथं त्या मधेच थांबून कोणाला तरी वाट द्यायच्या. मागून येणारे लोक वैतागायचे. मासळीवाला मात्र इतक्या वर्षांत सरावला होता. दिदिमणि थांबल्या की तोही सुरी थांबवायचा.

पहिल्यांदा दिसलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. कृष्णेच्या घाटावर एक बाई धुणं धूत होती आणि तिचं धुणं भिजत नव्हतं. त्यांनी आईला दाखवलं. आईनं घरी येऊन मिठाची दृष्ट काढली आणि सांगितलं की पुन्हा असं बोलायचं नाही. "मी आईचं ऐकलं," मावशी म्हणाल्या. "बोलले नाही. बघायची थोडीच थांबले."

शाळेत त्या प्रकाशाचा धडा शिकवत. वस्तूवर प्रकाश पडतो, तो परत फिरून आपल्या डोळ्यांत येतो, तेव्हा वस्तू दिसते. "हे मी फळ्यावर आकृती काढून सांगत असायचे," त्यांनी मला सांगितलं, "आणि शेवटच्या बाकापाशी एक बाई उभी असायची, तिची सावलीच पडायची नाही. काय करणार? शिकवत होते ते खरं आणि दिसत होतं तेही खरं. दोघांची गाठ घालून देणं माझं काम नव्हतं."

लोकांना मात्र त्यांच्याकडून कामं करून घ्यायची असत. पलीकडच्या गल्लीतलं एक कुटुंब आलं. नवीन घरात मुलाला सारखा ताप येतो, दिदिमणि जरा येऊन पाहतील का, कोणी असेल तर काढून देतील का. मावशी गेल्या. घर फिरून पाहिलं. म्हणाल्या, "एक म्हातारे गृहस्थ आहेत, ते गॅलरीत असतात, मुलाच्या खोलीत जात नाहीत. तापाचं काम डासांचं आहे. टाकी झाका." मुलाचं रक्त तपासलं तर डेंग्यू निघाला. ते लोक मिठाई घेऊन आले तर मावशींनी दारातूनच परत पाठवलं. "डासांसाठी मिठाई कसली," म्हणाल्या.

एका रविवारी आम्ही त्यांना न्यू टाउनला घेऊन गेलो. मोठे रस्ते, काचेच्या इमारती, नुकती लावलेली झाडं. मला ते गाव कधी आवडलं नव्हतं. मावशी मात्र गाडीतून उतरल्या आणि माहेरी आल्यासारख्या चालायला लागल्या. हात मोकळे सोडून, मान वर करून, फुटपाथच्या अगदी मधून. "किती बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "इथं अजून कोणी गेलेलंच नाही."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की बाकीचे दिवस त्या कशा चालत असतील.

तळ्याकाठी आम्ही बसलो. झालमुडी, म्हणजे इथली मोहरीच्या तेलातली भेळ, खाता खाता मावशींचा हात एकदम थांबला. समोरच्या हिरवळीकडे पाहत राहिल्या. मग पुडा गुंडाळून उठल्या. "चला, निघू या. ह्याचं शेत होतं इथं. बांध शोधतोय बिचारा."

नंतर त्या न्यू टाउनला आल्या नाहीत.

दिवाळीत आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे उटणं लावून आंघोळ. बंगाली लोकांची त्याच दिवशी भूत चतुर्दशी असते. संध्याकाळी घरातल्या पूर्वजांसाठी चौदा दिवे लावतात, चौदा पालेभाज्या एकत्र करून खातात. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी दारोदार पणत्या लागत आणि शेजारणी मावशींना थट्टेनं विचारत, "दिदिमणि, आज तर खूप गर्दी असेल?" मावशी सकाळी आमच्याकडे फराळ करून गेलेल्या, संध्याकाळी शेजारची भाजी खाऊन आलेल्या. त्या म्हणायच्या, "आज मला सुट्टी. आज तुम्ही सगळे बघताय ना, बघा." आणि खरोखर दार लावून क्रिकेट बघत बसायच्या.

असं आमचं चाललं होतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवत होते का? माझ्या नवऱ्याचा नव्हताच. माझं म्हणाल तर, मी जिन्यात डावीकडून जात होते. त्यापलीकडे विचार केला नव्हता. तो करायची वेळ अण्णा आल्यावर आली.

अण्णा म्हणजे माझे सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन सांगलीला राहत होते. एका सकाळी ते भाजी आणायला बाहेर पडले. फाटकाबाहेर पोचले तेव्हा सासूबाईंनी दारातून त्यांना मागून हाक मारली, काहीतरी सांगितलं. रस्त्यावरून ट्रॅक्टर जात होता. अण्णांना वाटलं, कोथिंबीर आण म्हणत असेल. त्यांनी मागं न बघता हात केला आणि गेले. परत आले तेव्हा सासूबाई दारातच पडलेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं.

आम्ही अण्णांना कोलकात्याला घेऊन आलो. ते बोलत नसत. जेवायला बोलावलं की जेवत, झोपा म्हटलं की झोपत. मग एके दिवशी बाजारातल्या मासळीवाल्याकडून की आणखी कोणाकडून त्यांना मावशींबद्दल कळलं. त्या दुपारी ते शर्ट बदलून, केस विंचरून खाली गेले.

"बाई," अण्णा त्यांना म्हणाले. ते मावशींना शेवटपर्यंत 'बाई'च म्हणत, शाळेतल्या बाईंना म्हणावं तसं. "माझी बायको दिसते का तुम्हाला? माझ्याबरोबर आली असेल तर?"

मावशींनी त्यांच्या आजूबाजूला पाहिलं. "नाही हो, अण्णा. तुमच्याबरोबर कोणी नाही."

अण्णा दुसऱ्या दिवशी परत गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रोज दुपारी चहाच्या वेळेला खाली जायचे, तोच प्रश्न विचारायचे आणि तेच उत्तर घेऊन वर यायचे. जिना चढताना त्यांचा श्वास लागायचा, तो मला वरपर्यंत ऐकू यायचा. त्यांना स्वतःला सासूबाई दिसायला हव्या होत्या असं नाही. त्यांना एवढंच हवं होतं की मावशींनी सासूबाईंना विचारावं, त्या सकाळी तुम्ही काय म्हणालात.

शेवटी मीच खाली गेले. मावशी स्वयंपाकघरात हाताला तेल लावून केळफूल सोलत बसल्या होत्या. मी म्हटलं, "मावशी, एकदा सांगून टाका ना त्यांना. आई दिसल्या म्हणा. कोथिंबीर आणा असं म्हणाल्या होत्या म्हणा."

"दिसल्या नाहीत, त्या कशा दिसल्या म्हणू?"

"म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल."

"आज वाटेल," मावशी म्हणाल्या. "उद्या विचारतील, आणखी काय म्हणाली. परवा विचारतील, माझ्यावर रागावली आहे का. मग मी रोज दुपारी बसून तुझ्या सासूचा संसार रचायचा का?"

मला राग आला. मी म्हटलं, "तुमचं खरं-खोटं एवढं महत्त्वाचं आहे का? तसंही तुम्हाला जे दिसतं ते खरं आहे हे कोणी पाहिलंय?"

मावशींनी केळफुलाची एक पाकळी बाजूला ठेवली. चिडल्या नाहीत. "म्हणूनच गं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कोणाला पडताळून बघता येत नाही, म्हणून तर मला खोटं बोलता येत नाही."

 मी वर आले आणि काही दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत राहिले.

आपली सर्वपित्री अमावास्या ती इथली महालया. त्या दिवशी सकाळपासून गंगेच्या घाटांवर तर्पणाला माणसं लोटतात. अण्णांना तिथं जायचं होतं. मी टॅक्सी बोलावली. आम्ही निघालो तर मावशी दारात पायात चपला घालून उभ्या. "मी येते," म्हणाल्या. घाट, स्मशान, हॉस्पिटल अशा ठिकाणी त्या कधी जात नसत, हे मला माहीत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर चुकवली आणि टॅक्सीत बसल्या.

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. मावशी सगळ्यात वरच्या पायरीवर भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, पदर घट्ट ओढून, गर्दीच्या गाडीत उभं राहावं तशा. अण्णा गुडघाभर पाण्यात उतरले. तिथल्या भटजींनी सांगितलं तसं तीळ, पाणी सोडलं. ओल्या धोतरानं पायऱ्या चढत वर आले आणि मावशींच्या समोर येऊन उभे राहिले.

"बाई, इथं तरी?"

मावशींनी घाई केली नाही. एकेका पायरीवरून, पाण्यातल्या माणसांवरून, पलीकडच्या वडाखालून त्यांनी नजर फिरवली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मग म्हणाल्या, "नाहीत."

"नीट पाहिलंत?"

"नीट पाहिलं."

अण्णांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. "जिन्यावरची परकी पोर दिसते तुम्हाला," ते म्हणाले. "कोणाकोणाचे म्हातारे दिसतात. आणि माझ्या एका माणसाचं तेवढं सांगता येत नाही?"

आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी अण्णांचा हात धरला. मावशी म्हणाल्या, "सोड त्यांना. बसा अण्णा इथं." आणि त्या स्वतः पायरीवर बसल्या. बसण्याआधी त्यांनी रिकाम्या पायरीकडे बघून कोणाला तरी सरकायला सांगितलं. अण्णाही बसले.

"आमचे हे गेले," मावशी म्हणाल्या, "तेव्हा मला वाटलं, माझं बरं आहे. बाकीच्या बायकांचं माणूस जातं ते जातंच. मला निदान दिसतील तरी. मी वाट पाहिली. घरात, गोदीच्या फाटकाशी, ते उतरायचे त्या ट्रामच्या थांब्यावर. आले नाहीत. मग शेजारणीनं एका माणसाकडं नेलं. त्यालाही दिसतं म्हणून नाव होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, तुमचे यजमान तुमच्या मागंच उभे आहेत, खांद्यावर हात ठेवून." मावशींनी मान वळवून दाखवली. "मी मागं वळून पाहिलं. अण्णा, मला दिसत होतं ना. तिथं कोणी नव्हतं. त्यानं दयेपोटीच सांगितलं असेल. पण ते त्या दिवशी माझ्यासाठी दुसऱ्यांदा गेले."

अण्णा पाण्याकडे बघत होते.

"तुमच्या पत्नी काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. मी आज काहीतरी सांगितलं, तर उद्यापासून तुमच्या कानात माझे शब्द राहतील. आत्ता निदान त्यांची हाक तरी तुमच्याजवळ आहे. शब्द नसतील कळले. आवाज तर त्यांचा आहे."

अण्णांनी विचारलं, "मग दिसत का नाही ती? कुठं असेल?"

"ते मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "पण एक सांगते. इतकी वर्षं बघते आहे, जे दिसतात त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडावर मी समाधान पाहिलेलं नाही. त्यामुळं जे दिसत नाहीत त्यांची मला काळजी वाटत नाही."

अण्णांनी उपरण्यानं तोंड पुसलं. टॅक्सीनं आम्ही घरी आलो. त्या दुपारी अण्णा चहाच्या वेळेला खाली गेले आणि बराच वेळ वर आले नाहीत. मी डोकावून पाहिलं तर दोघं क्रिकेट बघत बसले होते. तो प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

त्यानंतर सकाळचा बाजार दोघं मिळून करायला लागले. मावशी थांबल्या की अण्णा थांबत, त्या सरकल्या की सरकत. एकदा मी ऑफिसला निघाले असताना पाहिलं तर अण्णा औषधाच्या दुकानापाशी रिकाम्या जागेला हात जोडत होते. संध्याकाळी मी विचारलं. ते म्हणाले, "बाई म्हणतात तिथं एक वयस्कर गृहस्थ उभे असतात. आपली ओळख नाही, पण नमस्कार करायला काय जातं?" माझा नवरा हसायला लागला. अण्णाही हसले. सासूबाई गेल्यापासून ते हसलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मावशींच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता तो ह्याच सुमारास पिकला. जिन्यात त्या धडपडायला लागल्या. माझा नवरा मला हळूच म्हणाला, "बघ, मोतीबिंदूच तो. धुरकट दिसलं की माणसं दिसतात." मावशींच्या कानावर ते गेलं असावं. म्हणाल्या, "नवव्या वर्षी मोतीबिंदू?" पण ऑपरेशनला त्या तयार झाल्या, कारण क्रिकेटचा चेंडू दिसेनासा झाला होता.

आधी एका डोळ्याचं झालं, मग काही आठवड्यांनी दुसऱ्याचं. दुसरी पट्टी काढून आम्ही त्यांना घरी आणलं तेव्हा त्या खुशीत होत्या. टॅक्सीतून दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होत्या. त्यांना वर आमच्याकडे जेवायला न्यायचं ठरलं होतं. जिन्याच्या वळणावर त्या थांबल्या. खिडकीतून ऊन आलं होतं. अण्णा मागं होते, ते म्हणाले, "काय झालं बाई? दिसत नाही का?"

"छान दिसतंय," मावशी म्हणाल्या. "ती दिसत नाही."

मला वाटलं होतं, त्यांना सुटल्यासारखं होईल. न्यू टाउनच्या फुटपाथवर त्या कशा चालल्या होत्या ते मी पाहिलं होतं. आता तर सगळं शहरच त्यांना तसं मोकळं झालं होतं. पण झालं उलटंच. त्या घराबाहेर पडेनात. घरातसुद्धा हात पुढं धरून, पाय ओढत चालायच्या. खुर्चीत बसण्याआधी, "माफ करा हं," म्हणायच्या. मी म्हटलं, "मावशी, आता कोणी नाही ना."

"नाही कसं? मला दिसत नाहीत एवढंच," त्या म्हणाल्या. "आधी मला माहीत असायचं कुठं कोण आहे. आता कुठंही कोणीही असेल. मी कोणाच्या अंगावर जाऊन बसेन, कोणाला ढकलून पुढं जाईन, मला कळणारसुद्धा नाही." त्यांचा चेहरा इतका एकाकी मी कधी पाहिला नव्हता. साठ-पासष्ट वर्षं माणसांनी भरलेल्या घरात राहून एका सकाळी उठावं आणि घरात चिटपाखरू नसावं, तसं त्यांचं झालं होतं.

त्यांना बाहेर काढलं ते अण्णांनी. एका सकाळी पिशवी घेऊन ते त्यांच्या दारात उभे राहिले. "चला बाई. मी पुढं चालतो, तुम्ही माझ्या मागं या. मला आयुष्यभर दिसलं नाही, तरी मी चालतोच आहे ना? आमच्यासारखी माणसं धक्के देतच जातात. त्यांनाही सवय असेल."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग चपला घालून निघाल्या. तेव्हापासून बाजाराला जाताना अण्णा पुढं आणि मावशी मागं, असा क्रम बदलला. औषधाच्या दुकानापाशी अण्णा हात जोडत ते मात्र चालूच राहिलं. तिथं अजून कोणी आहे की नाही हे आता दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

पुढच्या हिवाळ्यात अण्णांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं. पहिल्या दिवशी मी ऑफिसमधून थेट तिथं पोचले, तर अण्णांच्या पलंगाशेजारी स्टुलावर मावशी बसलेल्या. मला खरं वाटेना. त्या हॉस्पिटलच्या रस्त्यानंसुद्धा जात नसत.

"आता येता येतं," त्या म्हणाल्या.

रोज भेटीच्या वेळेला त्या यायच्या. अण्णांना धाप लागायची, त्यामुळं बोलणं व्हायचं नाही. मावशीच बोलायच्या. बाजारात काय आलंय, सामना कोण जिंकलं, मासळीवाल्यानं अण्णांची चौकशी केली, असलं सगळं. अण्णा डोळे मिटून ऐकत. एकदा ते झोपलेले असताना मावशींनी वॉर्डभर नजर फिरवली आणि हळू आवाजात मला म्हणाल्या, "किती रिकामं आहे गं. आणि उजेड किती."

मी अण्णांचं पांघरूण सारखं केलं.

"आमचे हे हॉस्पिटलात होते तेव्हा मी दारापर्यंतच जायचे," त्या म्हणाल्या. "वॉर्डात एवढी दाटी होती की मला ह्यांच्या खाटेपर्यंत वाटच दिसायची नाही. परिचारिका म्हणायच्या, जा ना आत, मधे कोणी नाही. मी दारातूनच हात हलवायचे आणि परत जायचे. ह्यांना वाटलं असेल, बायको भित्री आहे."

हे त्यांनी घाटावर सांगितलं नव्हतं. अण्णांना कधी सांगितलं असेल तर मला माहीत नाही.

अण्णा गेले तेव्हा त्या शेजारी होत्या. मी आणि नवरा डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेलो होतो. परत आलो तर मावशींच्या हातात अण्णांचा हात होता आणि त्यांनी आमच्याकडे पाहून मान हलवली.

स्मशानातून पुरुष परत आले, आंघोळी झाल्या. शेजारच्यांनी जेवण आणून दिलं होतं. दुपार कलली तशी मी खाली गेले. मावशी व्हरांड्यात बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मला विचारायचं नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना कधी माझ्यासाठी काही विचारलं नव्हतं, आणि आता तर विचारण्यात अर्थही नव्हता. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, अण्णा..."

"नको गं विचारू," त्या म्हणाल्या. "मला काही दिसत नाही."

रस्त्यावरून भांडीवाली ओरडत गेली. पलीकडच्या घरात कोणीतरी हार्मोनियमवर गाण्याचा रियाज करत होतं.  मग मावशी माझ्याकडे वळल्या. एखादी गोष्ट खरोखर माहीत नसल्यावर माणूस विचारतो, तसं त्यांनी विचारलं, "नवव्या वर्षापासून पहिल्यांदा असं होतंय की कोणी गेलं आणि मला बघताच येत नाही. तुम्ही लोक अशा वेळी काय करता?"

मी म्हटलं, "आम्ही रडतो, मावशी."

त्यांनी मान डोलावली. पदराचं टोक हातात घेतलं, थोडा वेळ ते नुसतं धरून बसल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं आणि त्यांनाही त्याची सवय नसावी. लहान मूल रडतं तसा त्यांचा श्वास अडकत होता. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. आधी त्या अण्णांसाठी रडत होत्या, हे मला कळत होतं. मग केव्हातरी ते बदललं. रडता रडता त्यांनी एक नाव घेतलं. अगदी हळू, दोनदा. दारावरच्या पाटीवरचं, त्यांच्या यजमानांचं नाव. एवढ्या वर्षांत 'हे' आणि 'ह्यांना' ह्यापलीकडे मी त्यांच्या तोंडून काही ऐकलं नव्हतं.

ते नाव मी इथं लिहीत नाही. त्यांनी ते माझ्यासाठी उच्चारलं नव्हतं.